सॅटिन एफएमवरची निधनवार्ता

स्टॅन कोवाल्स्कीने सॅटिन एफएम सुरू केलं ते निव्वळ रागाने. ओहायोतल्या त्या गावात ज्या त्या स्टेशनवर गिटारींचा धुडगूस चालला होता, आणि स्टॅनला हवी होती आपल्या तरुणपणची संथ, झुलती गाणी. हार्डवेअरच्या दुकानावरची एक खोली आणि सकाळी बोलायला डॉटी मर्सर, एवढ्यावर स्टेशनने तीसेक वर्षं काढली. त्या गाण्यांवर नाचून ज्यांची लग्नं जुळली, ती माणसं ऐकत होती. पुढे ती एकेक करून जाऊ लागली, तेव्हा रोज सकाळी निधनवार्ता सुरू झाल्या. गाव सगळ्यात कान देऊन ऐकायचं ते त्याच.

स्टॅन गेला आणि स्टेशन त्याच्या पोराच्या, ब्रेंटच्या, हाती आलं. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. अडीअडचणीला असू द्या म्हणून त्याने डॉटीकडून ढीगभर बोलणं रेकॉर्ड करून घेतलं आणि काम झाल्यावर तिला नारळ दिला. मग कॉम्प्युटर तिचा आवाज गाण्यांच्या मध्ये घालत बसला.

दुकानात बायका थांबवून म्हणायच्या, "डॉटी, आज काय छान बोललीस गं." एकदा बाहेर गुडघाभर बर्फ, आणि तिचा आवाज लोकांना सांगतोय, खिडक्या उघडा, वसंत आलाय. म्हातारी चळली, असं गावात झालं. डॉटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती स्टेशनवर जाऊन थडकली.

"माझा आवाज बंद कर."

"आवाज तुमचा असेल, रेकॉर्डिंग स्टेशनचं आहे," ब्रेंट सँडविच चावत म्हणाला. "आणि फुकटात नाव होतंय की तुमचं."

"तुझ्या बापाने हे केलं नसतं."

"बाबांकडे कॉम्प्युटर नव्हता."

तिथून ती तडक वॉल्टर लिंडकडे गेली. गावचे अंत्यविधी वॉल्टर करायचा, निधनवार्ता तोच पाठवायचा. तेवढ्याच ब्रेंट स्वतः वाचायचा, आणि त्याही आधी न बघता. वॉल्टरच्या आईला त्याने 'श्रीयुत' करून टाकलं होतं. वॉल्टर ते विसरला नव्हता.

"वॉल्टर, उद्या मला मार," डॉटी म्हणाली.

"कशी गेलीस लिहू?"

"झोपेत लिही. खरं कारण लिहिलंस तर ब्रेंट वाचणार नाही."

दुसऱ्या दिवशी ती कॉफी घेऊन रेडिओपाशी बसली. ब्रेंटची वाचनाची गाडी नेहमीसारखी धावत होती. "श्रीमती डोरोथी मर्सर, वय अठ्ठ्याहत्तर, झोपेत शांतपणे गेल्या. गाव त्यांना ओळखतं ते आपल्या सॅटिन एफएमवरची डॉटी..."

तिथे त्याची दातखीळ बसली. पण त्या कॉम्प्युटरला शांतता खपत नाही. जरा कोणी गप्प झालं की तो पुढचं काहीतरी लावून मोकळा होतो.

"सुप्रभात मंडळी, मी डॉटी. आज अंथरुणातून उठवत नव्हतं ना? मलासुद्धा."

डॉटी पोट धरून हसली. पाठोपाठ ब्रेंटचा फोन आलाच.

"डॉटी? तुम्ही... आहात?"

"रेडिओवर आहे की. ऐकत नाहीस?"

"गावभरचे फोन येतायत. बायका रडतायत, शिव्या देतायत. काढतो, तुमचं सगळं पुसतो, आत्ता."

"पूस," म्हणून तिने फोन आपटला.

रेडिओवर तिचाच आवाज चालला होता. "हे गाणं आपल्या स्टॅनचं फार लाडकं. आणि का, ठाऊक आहे? एकदा स्टॅन..."

आवाज तुटला. नुसतं गाणं सुरू झालं. डॉटी जिंकली होती. ती कॉफीचा कप धरून बसून राहिली, आणि एकदा स्टॅनने काय केलं होतं ते काही केल्या तिला आठवेना.