रतनचं बोलणं

साहेबरावानं नसबंदी करून घेतली ती आपल्या मनानं. आणीबाणीचे दिवस होते. माणसं गाडीत घालून नेल्याच्या गोष्टी पासलीपर्यंत येत होत्या, पण त्याचं कारण घरातलंच होतं. चौथ्या बाळंतपणात त्याची बायको रतन कशीबशी वाचली होती. भाताची झोडणी उरकल्यावर दोघांनी ठरवलं, की वेल्ह्याला शिबिर आहे तिथं जायचं आणि घरात बोलायचं नाही. साहेबरावाच्या आईला, सरूबाईला, अजून एक नातू हवा होता. रतनच्या माहेरी आंबवड्याला जातो, असं सांगून ते निघाले.

शिबिर शाळेत भरलं होतं. साहेबराव आत गेला, रतन बाहेर आंब्याखाली बसली. पुण्याहून आलेले एक साहेब तिथं बायकांशी बोलत हिंडत होते. खांद्याला चामड्याच्या पिशवीत टेपरेकॉर्डर होता.

"ताई, बसू का इथं?" म्हणून ते मातीतच बसले. मुलं किती, दुखतंखुपतं का, घरचं कोण काय म्हणतं, असं विचारत राहिले. रतनला इतकं कुणी कधी विचारलं नव्हतं. ती बोलत गेली. पिशवीच्या खिडकीतून फिरणारं चक्र तिला दिसत होतं. नंतर साहेबांनी तिचंच बोलणं तिला थोडं ऐकवलं, तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसली.

"हे कुणाला ऐकवनार?"

"वरच्या लोकांना. काम कसं चाललंय, ते कळायला हवं ना."

वरचे लोक म्हणजे पुण्यातलं एखादं टेबल आणि त्यामागं बसलेलं कुणीतरी, एवढंच तिच्या डोळ्यांपुढं आलं.

पौषात राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, झाडांच्या फांद्यांचं कवळ तोडायचं होतं. कोयत्याला धार लावून घ्यायला दोघं विंझरला लोहाराकडं गेले. लोहाराचा भाता चालू असतानाच समोर रस्त्यावर एक जीप येऊन थांबली. टपावर दोन कर्णे बांधलेले होते. आधी गाणं वाजलं. मग एक माणूस कुटुंब लहान ठेवण्याबद्दल बोलला. आणि मग रतनचा आवाज आला.

"माजं नाव रतन साहेबराव. गाव पासली."

लोहारानं भाता थांबवला. कर्ण्यातून आवाज दुकानांवरून, थांबलेल्या एसटीवरून, पलीकडच्या खाचरांपर्यंत जात होता. मुलं किती, कोणतं बाळंतपण कसं झालं, सगळं आलं. मग ती म्हणाली, "पुन्यांदा दिवस जातील म्हनून लई भ्या वाटायचं. वरीसभर म्या आत्याबाईंच्या कुशीला निजले. धनी रागावले न्हाईत. नुसतं उठून भाईर जाऊन बसायचे."

साहेबराव कोयता हातात घेऊन उभा होता. एसटीतली माणसं खिडकीतून कर्ण्यांकडं पाहत होती. ओळखीच्या एकानं साहेबरावाकडं पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. लोहारानं पुन्हा भाता ओढायला घेतला.

घरी ते चालतच निघाले. तो पुढं, ती मागं. घाट चढायला लागल्यावर तो म्हणाला, "समदं बोललीस?"

"बोलले."

"मी भाईर बसायचो, ते कशाला सांगितलंस?"

"तुमी चांगलं वागला, म्हनून सांगितलं."

त्यानं कोयता या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. रागावला असता तर बरं झालं असतं, असं रतनला वाटलं. पण तेही नीट वाटलं नाही. ती पायांखालची वाट बघत चालत राहिली.

सरूबाईच्या कानावर ते त्याच आठवड्यात गेलं. तिनं आरडाओरडा केला नाही. आपली वाकळ उचलून ती पडवीत निजायला गेली. जाताना एवढंच म्हणाली, "पोराला लांब ठेवायला माजी कूस राखनीला वापरली."

रतननं जीपवाल्याला गाठलं ते वेल्ह्याला. ड्रायव्हर ओळखीचा निघाला. आंबवड्याचा ज्ञानू, तिच्या माहेरच्या आळीतला. तिला पाहून तो चाकाजवळून उठला.

"ज्ञानू, ती टेप वाजवू नगंस. पुसून टाक."

"आक्का, माज्या हातात काय हाय? मला गाडी चालवायला सांगितलीय. आन ती एकच न्हाई. तिच्या लई टेपा काढल्यात. दुसऱ्या गाड्यांवरबी वाजत्यात."

"आंबवड्यातबी?"

ज्ञानू फडक्यानं हात पुसत राहिला.

"आबा व्हते का?" तिनं बापाबद्दल विचारलं.

"देवळापुढं बसलं व्हतं. सुरू झाल्यावर उठून घरी गेलं." मग तो म्हणाला, "पासलीला गाडी न्यायची हाय. मी रस्ता खराब हाय म्हनून सांगतो. तेवढं जमंल."

"तेवढं कर," रतन म्हणाली.

जीप पासलीला आली नाही. यायची गरजही उरली नव्हती. पाण्यावर रतन गेली की बायका दुसरं काहीतरी बोलायला लागत. साहेबराव पारावर गेला की माणसं सरकून जागा देत, आजाऱ्याला देतात तशी. महिनाभरात त्यानं पारावर जाणं सोडलं. घरात तो कामापुरतं बोले. भाकर वाढ, दावं कुठंय, गुरं आली का. रतनही तेवढंच उत्तर देई. पोरांना त्यात काही वेगळं वाटत नसावं.

फाल्गुनात निवडणूक आली. दोघं खाचरात राब भाजत होते, तेव्हा भोरकडचा बाजीराव बांधावर येऊन उभा राहिला. तो सरकारविरुद्धच्या उमेदवाराचं काम करत होता.

"साहेबराव, तुमच्यावर जुलूम झाला. सभेत दोन शब्द बोला."

"जुलूम न्हाई झाला. म्या आपल्या पायानं गेलतो."

"आता घाबरू नका. दिवस पालटल्यात."

"घाबरत न्हाई. गेलतो, म्हनून सांगतो."

बाजीराव रतनकडं वळला. "वैनी, ती टेप दमदाटी करून घेतली ना?"

"न्हाई. गोड बोलून घेतली."

"मग तसंच सांगा सभेत."

"आता मला बोलायचं न्हाई."

बाजीराव बांधावरून उतरून गेला. पुढं दुसरा राब भाजत असताना ओढ्यापलीकडच्या रस्त्यावरून त्याची प्रचाराची गाडी गेली. वाऱ्यामुळं शब्द तुटून येत होते. पासलीचे साहेबराव, गुरासारखं बांधून नेलं, जाब विचारा, असं काहीतरी.

साहेबराव काठी टेकून ऐकत होता.

"बांधून नेलं म्हनतोय," तो म्हणाला.

"व्हय."

गाडीचा आवाज वळणामागं गेला. "वारं फिरलंय," तो म्हणाला. "तिकडनं माती टाक, न्हाईतर गवत पेटंल." रतननं माती टाकली.

मतदानाला दोघं बरोबर गेले. कुणाला मत दिलं, ते एकमेकांना सांगितलं नाही. सरकार पडल्याचं कळलं त्या दिवशी गावात गुलाल उधळला. साहेबराव गुरांना पाणी पाजून आला आणि म्हणाला, पुण्याला भुसार बाजारात हमालीला जातो. रतननं भाकऱ्या बांधून दिल्या. सरूबाई पडवीतून म्हणाली, "सांभाळून जा." कशाला जातोस, असं कुणी विचारलं नाही.

लावणीला तो परत आला. अंगानं वाळला होता. जेवून हात धुतल्यावर उंबऱ्याशी बसला. रतन ताटं उचलत होती.

"तिथं समदे इचारत्यात, गाव कंचं," तो म्हणाला. "मी भोर सांगतो. पासली न्हाई सांगत."

"बरं करता," रतन म्हणाली.

मग तो खाचरात पाणी किती साठलंय ते बघायला गेला. ताटं ठेवून तीही मागून निघाली.