निळं बटण

वाचनालयातला मुलांचा गोष्टींचा तास चालवायला आज पाचपर्यंत एकही अर्ज आला नाही, तर तो तास कायमचा बंद होणार होता. साडेचारला माझा अर्ज भरून झाला. खाली एक निळं बटण होतं. त्यावर लिहिलं होतं, 'शरण या'.

मी भाच्याला हाक मारली. वाचनालयाची वेबसाइट त्यानंच केली आहे, आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून.

"दाब की, आत्या."

"कुणाला शरण जायचंय?"

"कुणाला नाही गं. 'सबमिट'चं मराठी मशीननं केलंय. बटणावरचं कोण वाचतं? लोक नुसतं दाबतात."

"मी वाचते. पस्तीस वर्षं पोरांना तेच शिकवलं."

"तू म्हणजे लोक नव्हेस."

मग त्यानं मला समजावलं. एक शब्द बदलायचा तर आधी नोंद करायची, मग बैठक, मग तिघांची मंजुरी. एकट्या निळ्या रंगासाठी दोन बैठका झाल्या होत्या.

"आणि शब्दासाठी?"

"शब्द डिझाइनमध्ये येत नाहीत."

"बरं. आतापर्यंत अर्ज किती आले?"

"शून्य. लोकांना रसच नाही, असा अहवाल दिलाय आम्ही."

"अर्धवट राहिलेले दिसतात का तुला?"

त्यानं लॅपटॉप उघडला. माझा धरून तेवीस निघाले. सगळे शेवटच्या रकान्यापर्यंत नीट भरलेले.

"नेट गेलं असेल," तो म्हणाला.

"तेवीस जणांचं?"

उत्तर जवळ आलं की मुलांना थोडा वेळ द्यावा लागतो. हा चौतीस वर्षांचा आहे, म्हणून जरा जास्त दिला.

पावणेपाचला त्यानं कुणालाही न विचारता तिथं 'पाठवा' असं केलं आणि बाकीच्या बावीस जणांना मेल टाकली, की अर्ज पाचच्या आत पुन्हा उघडून पाठवावा. मी चष्मा पुसला, बटण पुन्हा एकदा वाचलं आणि दाबलं.

पडद्यावर अक्षरं उमटली : 'अभिनंदन! आपण यशस्वीरीत्या शरण आला आहात.'

भाच्यानं ते वाचलं. या वेळी त्यानं वाचलं.

"हे उद्या बदलतो," तो म्हणाला.

मी माझ्या शेजारची खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"बावीस जण यायचेत अजून. बस."