शूटिंगवाल्याले आधी जेवू घाल

गेल्या सोळा वर्षांत मी लोणार तालुक्यातल्या इतक्या माणसांना "जरा इकडं बघा, हसा" असं सांगितलंय, की रडणाऱ्या माणसासमोरही माझ्या तोंडून पहिलं तेच निघतं. लग्न, साखरपुडा, बारसं आणि अलीकडे सरोवराच्या काठावरचं प्री-वेडिंग. घर सुलतानपूरला, स्टुडिओ लोणारला. बरं चाललं होतं.

मग संक्रांतीनंतर मी पुण्याला लघुपटांच्या शिबिराला तीन दिवस जाऊन आलो आणि बिघडलो. तिथल्या सरांना दाढी होती आणि ते फार हळू बोलायचे. ते म्हणाले, "प्रत्येकाच्या घरात एक फिल्म बसलेली असते. फक्त बघायला शिका." मी घरी आलो, तर ओसरीवर आई बसलेली होती. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला, तेव्हापासून ती बहुतेक तिथंच बसते. सांगायला लाज वाटते, पण त्या दिवशी मी माझ्या आईकडे पहिल्यांदा विषय म्हणून पाहिलं. विषय चांगला होता. उजेडही चांगला होता.

फिल्मचा शेवट मी सुरुवातीआधीच ठरवून टाकला. आई कॅमेऱ्याकडे बघून "गोपाल" म्हणणार आणि मागं बासरी वाजणार. बासरी एका लग्नाच्या व्हिडिओतून उरलेलीच होती. अडचण एवढीच की दिवाळीपासून आईनं मला नावानं हाक मारलेली नव्हती. ती मला "भाऊ" म्हणायची, तेही दूधवाल्याला म्हणतात तसं. करिष्माला, म्हणजे माझ्या बायकोला, मी सांगत होतो की फिल्मला हा शेवट पाहिजेच, महोत्सवाची शेवटची तारीख जवळ आली आहे. खरं म्हणजे महोत्सव गेला खड्ड्यात, मला ते नाव ऐकायचं होतं. एवढ्या मोठ्या माणसानं हे बायकोला कसं सांगायचं, म्हणून मी महोत्सव मध्ये घातला.

पहिल्या दिवशी मी खिसेच खिसे असलेलं जाकीट घातलं, टोपी घातली, स्टँड लावला आणि दोन लाइट पेटवले. आईनं लाइट बघितले, उठली आणि आत गेली. बाहेर आली ती करिष्माकडून ठेवणीतलं लुगडं नेसवून घेऊन, कपाळभर कुंकू लावून आणि मुठीत अक्षतांची ज्वारी घेऊन.

"नवरी कोणाची हाय?" तिनं विचारलं.

"माय, लग्न नाही. मी तुह्यी फिल्म काढून राह्यलो."

"हाव. पण नवरी कोणाची हाय?"

मी कॅमेरा सुरू केला. आईनं मंगलाष्टकं संपल्यासारखी सगळी ज्वारी माझ्या अंगावर टाकली. पुढचे तीन आठवडे हेच. सर म्हणाले होते, माणसाला कॅमेऱ्याचा विसर पडला पाहिजे. आई बाकी सगळं विसरली होती, कॅमेरा तेवढा विसरत नव्हती. पदर सावरून ताठ बसायची आणि लेन्सकडे एकटक बघायची. स्टँडच्या फटीतून अजून दाणे निघतात.

मी मधूनमधून विचारायचो, "माय, मले ओळखलं का?"

"हाव, हाव," ती अगदी आदबीनं म्हणायची आणि आत आवाज द्यायची, "पोरी, शूटिंगवाल्याले आधी जेवू घाल. सकाळपासून उभा हाय बिचारा."

चारशे लग्नं मी केली असतील. सगळ्या पंगती उठल्यावर, गार वरणभात आणि तळाची जिलेबी खाणारा माणूस मी. मला आधी जेवू घाला म्हणणारी यजमानीण आयुष्यात एकच भेटली, आणि तिचा मी पोटचा पोरगा. या गोष्टीचा आनंद मानायचा की राग, हे मला तीन आठवडे ठरवता आलं नाही. जेवत मात्र गेलो.

मी उपाय पुष्कळ केले. अल्बम दाखवले. शेंगोळे करायला लावले. एकदा करिष्माला म्हटलं, "तू आतून मला नावानं हाक मार, म्हणजे आईला आठवेल." ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मी नाव घेऊ? उखाण्याबिगर? आत्याबाईले हाय ते बी भान राह्यचं नाई."

शेवटच्या रविवारी दुपारी आईनं करिष्माला एक खुर्ची आणायला लावली आणि आपल्या शेजारी ठेवून घेतली. मग मला जवळ बोलावलं.

"भाऊ, एक फोटो काढून द्यान का? माह्या पोराचा अन् माह्या. तो बी तुमच्यासारखाच धंदा करते. साऱ्या गावाचे फोटो काढते, पण माह्यासंग त्याचा एक बी नाई."

मी आठवून बघितलं. खरंच नव्हता. माझ्या लग्नात भाड्याचा शूटिंगवाला होता, त्याला मी दिवसभर शिकवत बसलो, त्यामुळे त्यातही आई आणि मी एकत्र नाही. मी कॅमेरा सुरूच ठेवला, पुढं गेलो आणि खुर्चीत बसलो.

आईनं माझ्या जाकिटाकडे बघितलं. "उठा भाऊ," ती म्हणाली. "ही जागा गोपालची हाय."

आलं नाव. आवाज स्वच्छ, फोकस बरोबर, उजेड उत्तम. माझं नाव घेऊन मला माझ्या जागेवरून उठवलं. मी उठलो आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, कारण रडू आलं होतं आणि शूटिंगवाल्यानं यजमानांसमोर रडणं बरं दिसत नाही.

करिष्मा दारात उभी होती. ती मला मागच्या अंगणात घेऊन गेली. "अहो, तीन आठवडे झाले, त्यायनं तुमचं तोंड कुठी पाह्यलं?" ती म्हणाली. "एक डोळा मिटून अन् दुसऱ्या डोळ्यापुढं तो डब्बा. वरतून टोपी. मी बी नसतं ओळखलं. काढा ते जाकीट अन् समोरून या. रोज स्टुडिओतून येता तसे."

एवढी साधी गोष्ट मला पुण्याला जाऊनही कळली नव्हती. मी जाकीट काढलं, टोपी काढली, गोठ्याच्या बाजूनं वळसा घालून पुढच्या दारी आलो. चपला काढल्या. रांजणातलं पाणी पायांवर घेतलं. सरांनी घटना घडवून आणायला सक्त मनाई केली होती. मी मात्र दहावीचा निकाल बघायला गेलो होतो, तसा दारात उभा राहिलो.

"माय, मी आलो."

आईनं मान वर केली. बराच वेळ बघितलं.

"गोपाल," ती म्हणाली, "इतका उशीर काऊन केला? बस."

मी बसलो. तिनं माझी कॉलर सरळ केली, केसांत अडकलेला ज्वारीचा दाणा काढला आणि तिला नवल वाटलं नाही. मग पदर सावरून समोर बघितलं. स्टँडवर कॅमेरा होता, मागं कोणी नव्हतं.

"शूटिंगवाला कुठी गेला?"

"जेवाले गेला, माय."

"जेवू दे." ती माझ्या कानाशी वाकली. "चांगला हाय बिचारा. पण सारखं इचारते, मले ओळखलं का, मले ओळखलं का. मले काय माहीत कोणाचा कोण. मी आपली हाव म्हणते. तेवढंच त्याले बरं वाटते."

"हाव," मी म्हणालो. "लय बरं वाटते त्याले."