ठिगळ लावलेला गुडघा

मी एक जुना गुडघा आहे, मित्रांनो. खरं सांगायचं तर अर्धाच जुना. लोक एकमेकांना हिणवतात, ‘तुझी अक्कल गुडघ्यात आहे.’ मी ते कौतुक समजतो.

आमच्या शिंपीणबाईंचा मी उजवा गुडघा. जन्मभर पायमशीन चालवलं. मी जेवढा दोरा संपवला, तेवढ्यात चंद्राला अंगरखा झाला असता, तोही लांब बाह्यांचा. खोटं वाटत असेल तर डाव्याला विचारा. तोही माझ्याइतकंच खरं बोलतो.

पण झीज कुणाला चुकली आहे? माझ्या आतल्या बाजूची गादी झिजली आणि हाडावर हाड घासू लागलं. शिलाई सुबक झाली की वाहवा हातांची. जिना उतरताना शिव्या मात्र मला.

सर्जननी एक्स-रे पाहिला. “आतली बाजूच गेलीय. बाकीचा गुडघा ठणठणीत आहे. तेवढीच बदलू.”

“म्हणजे,” बाई म्हणाल्या, “कोपर फाटलं म्हणून अख्खा सदरा टाकायचा नाही. ठिगळ लावायचं.”

“तसंच समजा.”

“मग घट्ट लावा. दिसलं तरी चालेल, उसवता कामा नये.”

ऑपरेशन झालं. ठिगळ धातूचं निघालं, मध्ये प्लास्टिकची चकती. आमचं दोघांचं लगेच जमलं. अडलं ते बाईंपाशी. मखमली उशीवर पाय ठेवून त्या राणीसारख्या बसून राहिल्या.

“वाकवा,” व्यायाम शिकवणारी ताई म्हणाली.

“नवा आहे गं. खराब होईल.”

“नाही वाकवलात तर आखडेल. मग मशीन विसरा.”

बाईंनी उशी आणखी जवळ ओढली.

तेवढ्यात सून म्हणाली, “सासूबाई, माझी नवी कात्री कपाटात बघून काय म्हणाला होतात? जपून ठेवलेली कात्री गंजते.”

“ते कात्रीचं होतं.”

“आणि हा काय सोन्याचा आहे?”

बाईंनी ओठ आवळून मला वाकवलं. जुन्या फाटकासारखा कण्हलो मी. दुसऱ्या दिवशी पुन्हा कण्हलो, जरा हळू. मग एका सकाळी पाय पायडलवर आला आणि मशीन धावू लागलं. बाईंनी पहिल्यांदा काय शिवलं असेल? ती उशी उसवली आणि तिच्या मखमलीचा सुनेला बटवा शिवला.

मित्रांनो, आम्हाला जपा, पण उशीवर ठेवून नव्हे, कामाला लावून. आणि हातांची वाहवा झाली की एक नजर जरा खालीही टाका.