आठ चॅनेलची माटोळी

गौरेशला इलेक्ट्रॉनिक बोर्ड जोडायचा भारी नाद. सुर्ल्याला खाणीच्या ट्रकांची वायरिंग करून घरी आला की हा गडी पुन्हा सोल्डरिंग घेऊन बसायचा. यंदा चवथीला गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटोळीत, फळा-वेलींच्या मधून, आठ चॅनेलचे दिवे धावते करायचे, असं त्याच्या मनानं घेतलं.

"सिद्धेशाक दाखय मरे एकदा," वडील, बाबाजी म्हणाले. सिद्धेश म्हणजे गावचा वायरमन. पण आमच्या शहाण्याला दुसऱ्याला विचारणं म्हणजे नाक कापून घेणं!

करंट उतरवणारा ट्रान्स्फॉर्मर मागवला होता, तो आलाच नाही. मग त्यानं बोर्ड थेट घरच्या करंटवर चालवला. आठही माळांची परतीची वायर, तारा वाचवायला, माटोळीच्या लोखंडी चौकटीलाच बांधली. दोन पायांची पिन एका बाजूनं घातली तर चौकट थंड, उलटी घातली तर तिच्यात सगळा करंट. दिवे दोन्हीकडून लागतात. टेस्टर लावून त्यानं पिन बरोबर घातली आणि गप्प बसला. सांगितलं असतं तर बाबांनी सगळं काढायला लावलं असतं ना!

चवथीच्या सकाळी तो स्कूटरवरून भटजींना आणायला गेला. परत येताना बायकोचा, संजनाचा फोन आला. स्कूटर कडेला घेऊन त्यानं उचलला.

"अहो, कुठे पोचलात? खतखत्याचं वाटण झालं. स्वयंपाकघरातला प्लग जळलाय ना, म्हणून तुमची पिन काढून तिथे मिक्सर लावला. आता परत घातली हं, दिवे लागले."

पिन कशी घातली, हे तिला तरी काय ठाऊक? फरशी सकाळीच धुतलेली, सगळे अनवाणी.

मागे भटजी कान देऊन बसले होते. त्यांच्यासमोर काय सांगायचं? मेल्याला तेव्हाही लाज सुचली.

"जरा... बंद ठेव गे. मी आलो की लावतो."

"कशाला? किती छान दिसतायत! बाबांनी आपल्या सेजलला कडेवर घेतलंय, चौकटीला बांधलेला सुपारीचा घोस दाखवतायत. हात पुरत नाही बघा तिचा. बाबा, जरा वर उचला तिला!"

"संजना! मेन पाड! हात लावू देऊ नको, करंट आहे!" तो भर रस्त्यात ओरडला.

"काय म्हणालात?"

फोनमध्ये काहीतरी धपकन पडलं. मग संजनाची किंकाळी आली, बाबांचं कण्हणं आलं. चार वर्षांच्या सेजलचा आवाज मात्र आला नाही.