माहेरची देग

मित्रांनो, मी एक जुनी देग आहे. देग म्हणजे शंभर-दीडशे पानांचा भात एकदम शिजवणारं तांब्याचं भांडं. माझं पोट मोठं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. कपाशीला चांगला भाव आला त्या वर्षी बोरशिवणी गावाने वर्गणी काढून डोणगावच्या तांबटाकडून मला घडवून घेतलं. टाकीचे घाव सोसल्यावर देवपण येतं म्हणतात. मी हातोडीचे सोसले आणि माझ्या नशिबी भात आला. तो मला फार आवडला.

बोरशिवणी हे अगदी शिवेवरचं गाव. गावाखाली नाला. नाल्याअलीकडे वऱ्हाड, त्याचा कारभार मध्यप्रांताबरोबर नागपुराहून चाले. पलीकडे मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य. माती दोन्हीकडे काळी, बाभळी दोन्हीकडे सारख्याच. पण पलीकडच्या काठावर जकातीचा नाका होता आणि तिथे नाणंही वेगळं चाले. सोयरिकी मात्र नाल्याने कधी अडवल्या नाहीत. गावाची एखादी लेक पलीकडे आपल्या मुलीचं लग्न काढी, तेव्हा लग्नाचा भात माहेरच्या देगीत शिजायचा, अशी आमची रीत. लेक तुळशीरामाच्या घरची की गफ्फारच्या, हे कोणी बघत नसे. बशीर कल्हईवाला मला नवी कल्हई करून द्यायचा आणि मी निघायची.

एका वैशाखात तुळशीरामाच्या बहिणीने, रुख्मिणीने, पलीकडे मुलीचं लग्न काढलं. माहेराला तुझी आठवण तरी आहे का, असं म्हणून जावा तिला नेहमी टोचत. म्हणून तिने सगळ्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं की माझ्या माहेरची देग आल्यावरच भाताची चूल पेटेल. हे बशीरच्या कानावर गेलं. त्याने मला आतून कल्हई तर केलीच, शिवाय चिंच आणि राख लावून बाहेरूनही घासघासून काढलं. लग्न माझंच आहे की काय, असं मला वाटू लागलं.

लग्नाच्या सकाळी आमची गाडी नाक्यावर पोचली आणि तिथेच माशी शिंकली. नाकेदार अब्दुल गनी भला माणूस. एरवी माझ्या काळ्या अंगाकडे तो बघतही नसे. आज तो माझ्याभोवती फिरला आणि म्हणाला की नव्या तांब्यावर जकात आहे, आणि भांड्याची किंमत ठरवणारा साहेब उद्या येईल. तुळशीरामाने शपथा घेतल्या. बशीरने मला कसं घासलं ते रंगवून सांगितलं. तो जितकं सांगे, तितकी मी अधिकच नवी दिसे.

"बशीरभाई, मले पटते," अब्दुल गनी म्हणाला, "पण साहेब तुमची जबान नाही पाहणार, भांडं पाहीन."

लग्न तर त्याच दिवशी गोरज मुहूर्तावर होतं. निरोप मिळताच रुख्मिणी काठावर धावत आली, मागे जावा. मला बघून तिचे डोळे भरले. बशीरने मान खाली घातली. मला तर माझ्या झळाळीची लाज वाटली.

रुख्मिणीने डोळे पुसले. "बशीरभाऊ, चकाकते म्हणून अडली ना? मंग काळी करा तिले. चूल इथंच मांडा, रेतीत."

नाक्याची आडकाठी वर काठावर होती. खाली नाल्याच्या कोरड्या रेतीत कोणी कोणाला विचारत नसे. तिथे तीन धोंडे मांडले, झिरा उकरून पाणी काढलं, पऱ्हाट्या म्हणजे कपाशीच्या काड्या पेटवल्या. रुख्मिणी स्वतः जाळ घालत बसली. ओल्या-सुक्या पऱ्हाट्यांनी असा धूर केला की भात शिजेपर्यंत मी बुडापासून काठापर्यंत काळीकुट्ट झाले. बशीरची सगळी मेहनत वाया गेली आणि तो लहान मुलासारखा हसत होता.

मला दांड्याला बांधून भातासकट वर आणलं. अब्दुल गनीने वाकून पाहिलं. "ही तर जुनीच आहे," तो म्हणाला, आणि आडकाठी उचलून आमच्याबरोबर जेवायला आला.

मांडवात रुख्मिणीने माझ्या पोटाची काजळी बोटावर घेतली आणि नवरीच्या गालाला तीट लावली. "माहेरची आहे," ती म्हणाली. जावांनी पदर खोचले आणि माझ्यातला भात वाढायला घेतला.

मित्रांनो, आता नाका नाही, मोगलाई नाही. लग्नाची भांडी भाड्याने टेंपोतून येतात आणि मी चावडीच्या कोपऱ्यात पडून आहे. मला घासूनपुसून काचेच्या कपाटात ठेवावं, असं काही भली माणसं म्हणतात. त्यांची माया मला कळते. पण मला जपायचंच असेल तर चुलीवर चढवा. बोरशिवणीच्या लेकी अजून पलीकडे नांदतात. त्यांच्या मुलींच्या गालाला लावायला माझ्या अंगावर आज नुसती धूळ आहे, ताजी काजळी नाही.