घरटी एक लाकूड

बाबा गेल्याचं देवानंदनं मला सकाळी पावणेसहाला फोनवर सांगितलं, आणि मी त्याच्याशी पहिलं बोलले ते लाकडाबद्दल.

"केशोरीच्या वखारीतून ट्रॉली भरून आण," मी म्हणाले. "कोणाला कळवायच्या आधी आण. गावातून कोणी येणार नाही, उगाच वाट बघत बसाल."

"खरंच नाई येनार का, ताई?"

"नाही येणार. मी सांगते ना."

मी सांगते ना, हे माझं नेहमीचं. गोंदियाच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर समाजशास्त्र आणि राज्यशास्त्र शिकवते. संस्कृती म्हणजे काय, समाज कशाला म्हणतात, सत्ता कुठे असते, हे अकरावीच्या पोरांना पहिल्या महिन्यातच सांगून मोकळी होते. व्याख्या तोंडपाठ आहेत. शिकल्यापासून मी घरीही पुस्तकी बोलते आणि न मागितलेल्या व्याख्या वाटत सुटते. माझा भाऊ देवानंद माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. ताई म्हणते म्हणजे खरं असणार, असं त्याला लहानपणापासून वाटतं. त्यानं भाड्याचा ट्रॅक्टर ठरवला.

आमच्या गावात मयत झालं की घरटी एक लाकूड येतं. कोणी मागत नाही, कोणी मोजत नाही. बातमी कळली की घरातला माणूस मागच्या ढिगातून एक चांगलं वाळलेलं लाकूड काढतो, खांद्यावर घेतो, मयताच्या दाराशी नेऊन टेकवतो आणि मगच अंगणात पाय ठेवतो. मयताच्या नावानं एकदा काढलेलं लाकूड पुन्हा चुलीत जात नाही. लहानपणी बाबांबरोबर मीही एकदा गेले होते, लाकडाचं मागचं टोक धरून. वर्गात हे उदाहरण मी दर वर्षी देते. लोकरीती शिकवताना याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही.

यंदा त्याच वर्गात बहिष्कार शिकवतानाही मी आमच्या गावचंच उदाहरण दिलं होतं. दोन वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीत आमच्या वॉर्डाची जागा बाईसाठी राखीव झाली. गावानं समाजमंदिरात बसून ठरवलं की वॉर्डातल्याच केवलरामच्या सुनेला, मंजूला, बिनविरोध पाठवायचं. मी गोंदियाजवळच्या कुडव्याहून, माझ्या सासरहून, गाडीवर आले आणि आईचा अर्ज भरला. चार पुरुषांनी चटईवर बसून ठरवलं याला निवडणूक म्हणत नाहीत, असं मी आईला समजावलं. आई, शकुंतलाबाई, जन्मात कोणाच्या अध्यात ना मध्यात. ती म्हणाली, "तुले जमते तसं कर, बाई." आईला चौदा मतं पडली. मी दुसऱ्या दिवशी कुडव्याला निघून आले. गावात राहायचं होतं ते तिला.

त्यानंतर केवलरामच्या घरच्या लग्नाचं आवतण आलं नाही. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेदिवशी, जेव्हा गावात पाहुण्यांची नुसती रीघ असते, आमच्या दारात चहाला कोणी थांबलं नाही. आई हे सगळं फोनवर सांगायची, आणि मी तिला सांगायची की याला अनौपचारिक सामाजिक नियंत्रण म्हणतात.

माझा नवरा भूपेंद्र आणि मी मोटारसायकलवर निघालो. त्याचं कुडव्यात हार्डवेअरचं दुकान आहे, बोलणं अर्धं हिंदी. वाटेत कोहमाऱ्याला त्यानं गाडी थांबवली आणि विचारलं, "चाय लेगी?" मी घेतली. चांगली होती, आलं घातलेलं. बाप मेलाय आणि आपल्याला चहा चांगला लागतोय, हे माझ्या लक्षात आलं, आणि त्याचंही काही वाटलं नाही. आतून मी बधिर झाले होते. उन्हाळी धानाचे रोवणे, म्हणजे भाताची लावणी, चालू होते. बांध्यांमध्ये वाकलेल्या बाया आमच्या गाडीकडे बघत होत्या.

साडेनऊला पोचलो. ट्रॉली दारातच उभी होती, काठोकाठ भरलेली. वखारीतली लाकडं एकसारखी, यंत्रावर कापलेली. अंगणात आई, देवानंद आणि नवेगावहून आलेले दोन मामेभाऊ. बाकी कोणी नाही. म्हणजे मी सांगितलं तसंच झालं होतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बरं वाटलं. आपलं बरोबर निघाल्याचं बरं, बाप समोर पडलेला असताना.

आईजवळ बसले. तिनं माझा हात धरला आणि विचारलं, "कोनी दिसलं का वो रस्त्यानं?"

"नाही."

तेवढ्यात वळणावर केवलराम दिसला. खांद्यावर काहीतरी होतं, उन्हामुळे नीट दिसलं नाही. तो थांबला, ट्रॉलीकडे बराच वेळ बघत राहिला, आणि वळून गेला. तमाशा बघायला आला होता, असं मी मनात म्हटलं. पंधरा मिनिटांनी आणखी दोघं तसेच वळणापर्यंत येऊन परत गेले. आई उठून उभी राहिली होती. ती पुन्हा बसली.

दोन वाजता बाबांना उचललं. देवानंदनं मडकं धरलं, त्यामुळे खांद्याला तिघंच उरले, आणि चौथा ट्रॉलीबरोबर आलेला वखारीचा हमाल झाला. पुढे बाबा, मागे भाड्याच्या ट्रॅक्टरवर त्यांची लाकडं. आमच्याकडे बायका वेशीपर्यंत जातात, म्हणून आई आणि मी मागून चाललो. लोक आपापल्या दारात हात जोडून उभे होते. कोणी पुढे आलं नाही.

मी खाली बघत चालले होते, म्हणून दिसलं. गुलाबचंदच्या दारात, रस्त्याच्या बाजूला भिंतीला टेकवून, एक लाकूड उभं होतं. मला वाटलं, असेल. पुढच्या दारात एक. त्याच्या पुढच्या दारात एक. धुरपताबाईच्या झोपडीशी एक वाकडं, बारीक. केवलरामच्या फाटकाशी मोहाचं चांगलं जाड. ढीग कुठेच नव्हता, प्रत्येक दाराला एकच. वेशीपर्यंत दारं संपली नाहीत आणि लाकडंही संपली नाहीत.

मला कळलं. रडू मात्र आलं नाही. पाय चालत होते, एवढंच. आईकडे बघायची हिंमत झाली नाही.

संध्याकाळी धुरपताबाई जेवण घेऊन आली. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारून भात-वरण येतं. त्या दिवशी शेजार म्हणजे तीच, सत्तरीची, एकटी राहणारी. तिनं भाताचा गंज खाली ठेवला आणि देवानंदला सरळ विचारलं, "ट्राली कोनाची अक्कल होती गा?"

देवानंदनं माझ्याकडे बघितलं नाही. "माहीच," तो म्हणाला.

मी ताटं मांडायला उठले. 

"आमी सकारीच लाकडं काढली होती," धुरपताबाई म्हणाली. "केवलराम सगळ्याच्या आंधी निघाला. पायते त दारात भरली ट्राली उभी. आता आमच्या एका लाकडाचं का काम? तुमी त सांगूनच टाकलं का येऊ नोका."

"आम्हाला वाटलं, तुम्ही येणार नाही," मी म्हणाले. "दोन वर्षं कोणी आलं नाही."

"तुही माय तरी कोठं आली? विहिरीवर येनं सोडलं, हळदी-कुंकवाले येनं सोडलं. आमाले वाटलं, चौदा मतं पडली म्हून रागात हाये. केवलरामानं लग्नाचं आवतन नाई देल्लं, ते खरं हाये. त्याचं चुकलं. पन बाई, लग्न वेगरं, मयत वेगरं." तिनं गंजावरचं झाकण काढलं. "खाऊन घ्या. थंडं होते."

आईनं भात कालवला, खाल्ला नाही. ती म्हणाली, "ते लाकडं आता कोठं जातीन?"

"कोठं जातीन? चुलीत त घालता येत नाई. राहातीन पडून दारातच."

सकाळी आईनं मला उठवलं. "जा, दारोदारी जाऊन सांग," ती म्हणाली. "म्हन, शकुंतलाबाई लाकडं मांगते."

"आता त्यांचं काय करायचं, आई?"

"तू जा त."

मी गेले. पहिल्या दारात गुलाबचंद दात घासत होता. मी म्हणाले, "काका, आई लाकूड मागते." एवढं वाक्य बोलायला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात माझा एक तास शिकवून होतो. त्यानं चूळ भरली, लाकूड खांद्यावर घेतलं आणि चालू लागला. कायले म्हणून विचारलं नाही. पुढच्या दारात मला काही बोलावंही लागलं नाही. लोकांनी गुलाबचंदला जाताना बघितलं होतं. केवलरामच्या फाटकाशी मंजू लाकूड उचलायला वाकली, तर केवलराम आतून आला आणि म्हणाला, "राहू दे, म्या नेतो."

धुरपताबाईचं वाकडं लाकूड तिनं मला उचलू दिलं नाही. मागचं टोक तेवढं धरू दिलं.

अंगणाबाहेर रांग लागली. कोणी आत येत नव्हतं. लाकूड टेकवायचं कुठे, तेच कोणाला कळेना, कारण मयत तर नव्हतं. केवलराम सगळ्यात पुढे होता.

"वयनी," तो म्हणाला, "कोठं ठेवू?"

"भितीले लावून ठेवा," आई म्हणाली. "आन् आत या."

ते आत आले. ओसरीवर, अंगणात, जागा मिळेल तिथे बसले. कोणी निवडणुकीचं बोललं नाही, कोणी माफी मागितली नाही. गुलाबचंदनं बाबांचा बैल एकदा कोणाच्या वांग्यात शिरला होता ते सांगितलं. आई त्यांच्याकडे बघत ऐकत राहिली. तासाभरानं ते उठून गेले.

भिंतीला सदतीस लाकडं होती, लहान-मोठी, मोहाची, ऐनाची, बाभळीची, एक कडुनिंबाचं. देवानंदनं विचारलं, "माय, याचं का कराचं?"

"पावसाच्या आंधी टिनाखाली रचून ठेव. माह्यासाठी राहू दे."

मग ती माझ्याकडे वळली. काल सकाळी मी फोनवर काय बोलले, हे तिला देवानंदनं सांगितलं नव्हतं, मी तर नव्हतंच सांगितलं. पण घर दोन खोल्यांचं आहे आणि माझा आवाज फोनबाहेरही ऐकू जाईल इतका मोठा आहे.

"मी गेली का तुले देवानंदचा फोन येईन," ती म्हणाली. "त्याले काई सांगू नोको. नुसती ये."

मी हो म्हणाले.